मुका मार



आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. रेडिओ बंद करू नका. मलाही खेळातलं फारसं कळत नाही, आणि ज्या फुटबॉलबद्दल बोलणार आहे तो आपल्याकडे कोणी खेळताना दिसत नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम थोडं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला आडवं करायचं. आडवं करणं हा तिथे फाऊल नाही, तोच खेळ आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टपासून चार महिने मी लेकीकडे मिशिगनला होते. शनिवार आला की रस्त्यावर सगळी माणसं निळ्या-पिवळ्या टी-शर्टात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात १,०७,००० हून जास्त माणसं बसतात. आपलं वानखेडे साधारण ३३,००० चं, म्हणजे तीन वानखेडे एकात. आणि खेळणारी कोण, तर कॉलेजची मुलं, अठरा ते बावीस वर्षांची. आपल्याकडे एफ. वाय., टी. वाय.ला असतात त्या वयाची. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर पुरुषमंडळी प्रसादाची वाटी हातात घेऊन त्यांच्याच गप्पा मारत होती.

माझा नातू तिथे नुकताच नववीत गेला होता. एक दिवस शाळेतून कागद घेऊन आला. मला फुटबॉल खेळायचाय, इथे सही कर, असं आईला म्हणाला. कागदावर वर लिहिलं होतं, कन्कशन. खाली लक्षणं, सूचना, आणि शेवटी 'आम्ही हे वाचलं' म्हणून पालकांची आणि मुलाची सही. लेक कागद घेऊन बसून राहिली. जावई म्हणाले, सगळी मुलं खेळतात. नातू म्हणाला, "आजी, हेल्मेट असतं गं."

त्या रात्री आम्ही तिघं मोठी माणसं बराच वेळ बोललो. नंतरचे चार महिने मी जे वाचलं, विचारलं, ऐकलं, ते आज सांगते.

आधी हेल्मेटचं. तुमच्यापैकी कोणी दह्याचा डबा घेऊन एस.टी.ने गेलं असेल. डबा स्टीलचा, झाकण घट्ट, वरून फडकं बांधलेलं. वाटेत ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. डब्याला पोचासुद्धा नाही. घरी जाऊन उघडला तर दही मोडलेलं, पाणी सुटलेलं. मेंदू दह्यासारखाच मऊ, कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ते त्याचं काम, आणि म्हणून ते हवंच. पण धावतं डोकं एकदम थांबलं किंवा गर्रकन वळलं की आतला मेंदू हलतोच. त्यातले मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. हेच कन्कशन. डोक्याला थेट काही लागायलाही हवं असं नाही, छातीवर जोराचा धक्का बसून मान झटकली तरी पुरतं.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत लागलेलं. गुडघ्याला मुका मार बसला तर आपण आंबेहळद उगाळून लावतो. मेंदूला बसला तर कुठे लावणार?

आणि मुका म्हणजे खरोखरच मुका. कन्कशन झालेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध जात नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, आत्ता काय झालं ते आठवत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते. सी.टी. स्कॅन केला तर बहुधा नॉर्मल येतो, कारण त्यात रक्तस्राव दिसतो, ताणलेले धागे दिसत नाहीत. 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा होत नाही. हे आपल्याकडच्याही घरांनी लक्षात ठेवायला हवं.

लेकीच्या शेजारी एक बाई राहतात, शाळेची बस चालवतात. त्यांचा धाकटा मुलगा एका कॉलेजात फुटबॉल खेळायचा. एकदा दुपारी चहाला आल्या तेव्हा लेकीने विषय काढला. बाई म्हणाल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये सराव चालू होता, रविवारी त्याचा फोन यायचा. त्या रविवारी त्याने विचारलं, कुत्र्याला डॉक्टरकडे नेलं का? हो, नेलं. जरा वेळाने परत, कुत्र्याला नेलं का? फोन ठेवताना तिसऱ्यांदा तेच. बाईंनी विचारलं, तू बरा आहेस ना? तो म्हणाला, एकदम मस्त, उन्हानं डोकं दुखतंय जरा. बाईंनी गाडी काढली आणि रात्रीत चार तास चालवत कॉलेज गाठलं. मुलगा आठवडाभर उलट्या लपवत होता. संघातल्या दोघा मित्रांना ठाऊक होतं. बाईंनी त्याला उचलून घरी आणलं. संघातली जागा गेली, मुलगा महिनाभर आईशी बोलला नाही. मी विचारलं, आता? त्या म्हणाल्या, आता बोलतो, पण त्या वर्षाबद्दल नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे. या दुखण्यात 'तुला बरं वाटतंय का?' हा प्रश्न कामाचा नाही. एक तर मुलगा खोटं बोलणार, कारण जागा जाईल, शिष्यवृत्ती जाईल, मित्र भित्रा म्हणतील. आणि तो खोटं बोलत नसला, तरी ज्या अवयवाने उत्तर द्यायचं तोच दुखावलेला. कॉलेजं हंगामाआधी प्रत्येकाची स्मरणशक्तीची, लक्ष देण्याची चाचणी घेतात, म्हणजे पुढे मार बसला तर तुलना करता येते. काही खेळाडू त्या पहिल्या चाचणीत मुद्दाम चुका करतात, म्हणजे नंतर मेंदू मंद झाला तरी फरक दिसू नये! अशा मुलाला काय विचारणार?

म्हणून दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं, आणि थांबवायला हवं. पण ते बघणारं माणूस मैदानावर असतंच असं नाही. २०१४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. त्याच मिशिगनच्या स्टेडियमात मिनेसोटाविरुद्ध सामना होता. मिशिगनचा शेन मॉरिस नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जोरात आपटला. उठला आणि झोकांड्या खायला लागला. शेजारच्या खेळाडूने धरलं म्हणून पडला नाही. लाखभर लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, टीव्हीवर आणखी कितीतरी लोकांनी. तरी पुढच्या डावाला तो मैदानातच. मग बाहेर काढला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एका डावापुरता आत पाठवला. नंतर विद्यापीठाला मान्य करावं लागलं की त्याला बहुधा कन्कशन झालं होतं, आणि माफी मागावी लागली. एवढ्या डोळ्यांदेखत हे होतं, तर जिथे प्रेक्षक नसतात तिथे काय?

जिथे प्रेक्षक नसतात ती जागा म्हणजे सराव. आपल्याला वाटतं धोका सामन्यात. सहा मोठ्या कॉलेजांतल्या ६५८ खेळाडूंचा पाच हंगाम अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७२ टक्के कन्कशन सरावात झालेली निघाली. आणि जवळजवळ निम्मी हंगाम सुरू होण्याआधीच्या सरावात, ऑगस्टच्या त्या तीन-चार आठवड्यांत, जेव्हा प्रत्येक मुलाला संघात जागा पक्की करायची असते. शेजारच्या बाईंचा मुलगा त्याच आठवड्यांत पडला होता.

डेरेक शीलीचंही तसंच. मेरीलँडमधल्या फ्रॉस्टबर्ग स्टेट या लहान विद्यापीठाचा हा खेळाडू, २२ वर्षांचा. या गटातल्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळत नाही, मुलं नुसत्या आवडीने खेळतात. २०११ च्या ऑगस्टमध्ये सराव चालू असताना त्याच्या कपाळावरची जखम पुन्हा पुन्हा उघडून रक्त येत होतं. दरवेळी पट्टी बांधून तो परत सरावात. डोकं दुखतंय असं त्याने सांगितलं होतं, असं त्याच्या आई-वडिलांनी कोर्टात मांडलं. २२ ऑगस्टला तो कोसळला आणि सहा दिवसांनी गेला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा हातात काही उरत नाही.

त्याचे आई-वडील कोर्टात गेले. कॉलेजच्या खेळांची तिथली सर्वोच्च संघटना म्हणजे एन.सी.ए.ए. या संघटनेने आपल्या लेखी उत्तरात म्हटलं, की विद्यार्थी-खेळाडूंचं संरक्षण करणं हे आमच्यावरचं कायदेशीर बंधन नाही. हे वाक्य मी लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं माझ्या इंग्रजीची चूक होतेय. २०१६ मध्ये ते प्रकरण १२ लाख डॉलरवर मिटलं.

गंमत म्हणजे ही संघटना जन्मालाच आली ती मुलं मरत होती म्हणून. १९०५ साली या खेळात एका हंगामात अठरा-एकोणीस मृत्यू झाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, नियम बदलले, आणि १९०६ मध्ये ही संघटना उभी राहिली.

आणि 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द. किती साधा वाटतो ना? त्यामागे एक बाई आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन याच्या डोक्यावर सामन्याच्या पहिल्याच धावेत समोरच्याचा गुडघा आपटला. तो दुसऱ्या दिवशी गेला. लेकरांचा बाप होता. त्याच्या बायकोने अर्ज केला, की कामावर माणूस मेला तर विधवेला भरपाई मिळते, तशी मला द्या, माझा नवरा कॉलेजसाठी खेळत होता. खालच्या पातळीवर तिच्या बाजूने निकाल लागला. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कारण काय, तर कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही. त्याच दशकात संघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रुळवला. खेळाडूंना नोकर ठरवून भरपाई मागितली जाईल या भीतीने तो घडवला, असं संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. एका विधवेला नाही म्हणायला शब्द तयार करावा लागला! आज प्रशिक्षकांना वर्षाला लाखो डॉलर पगार आहेत. मुलांना कॉलेजकडून थेट पैसे मिळायला २०२५ साल उजाडावं लागलं.

आतापर्यंत मी लगेच दिसणाऱ्या दुखण्याबद्दल बोलले. दुसरं दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. त्याचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, सगळे सी.टी.ई. म्हणतात. वर्षानुवर्षं डोक्याला हादरे बसले की मेंदूत एक प्रथिन विशिष्ट जागी साचत जातं. स्वभाव बदलतो, संताप येतो, स्मृती जाते. जिवंतपणी याचं पक्कं निदान अजून होत नाही, मृत्यूनंतर मेंदू तपासूनच कळतं. बॉस्टन विद्यापीठात डॉक्टर अ‍ॅन मॅकी हे काम करतात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने फुटबॉलपटूंच्या दान केलेल्या २०२ मेंदूंचा अहवाल दिला. त्यांत कॉलेजपर्यंत खेळलेले ५३ होते, आणि ४८ जणांत सी.टी.ई. सापडला. आता हे नीट ऐका. याचा अर्थ दर ५३ खेळाडूंत ४८ जणांना हे होतं असा नाही. ज्या घरांनी त्रास पाहिला त्यांनीच बहुतेक मेंदू दान केले, त्यामुळे आकडा फुगलेला असणार. डॉक्टरांनी स्वतःच हे बजावून सांगितलं. पण निरोगी म्हणून वावरलेल्या माणसांत हा आजार फार दुर्मीळ, तेव्हा ४८ हा आकडा झटकून टाकण्यासारखाही नाही.

त्याहून मला झोप लागू दिली नाही ती ओवेन थॉमसच्या गोष्टीने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा खेळाडू, २१ वर्षांचा, मित्रांत आवडता. २०१० च्या एप्रिलमध्ये त्याने आयुष्य संपवलं. आई चर्चमध्ये धर्मोपदेशक. संशोधकांचा फोन आल्यावर तिने मुलाचा मेंदू तपासायला दिला. त्यात सी.टी.ई.ची सुरुवात सापडली. त्यामुळेच तो गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, असं म्हणताही येत नाही. पण या मुलाला एकदाही कन्कशन झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे मोठा मार नाही, रोजचे छोटे हादरे. ज्याला कोणी दुखापत म्हणत नाही, ज्यासाठी कोणी बाहेर काढत नाही, असे शेकडो. तेव्हा 'कन्कशन झालं तर थांबवू' एवढ्यानेही भागत नाही. किती वर्षं खेळला हाच हिशेब महत्त्वाचा ठरतो.

हा हिशेब मागायला पुढेही बायकाच आल्या. ग्रेग प्लोएट्झ टेक्सास विद्यापीठाच्या १९६९ च्या विजेत्या संघात होता. पुढे चित्रकलेचा शिक्षक झाला. उतारवयात बोलणं गेलं, माणसं ओळखेना. २०१५ मध्ये ६६ व्या वर्षी गेला, मेंदूत सी.टी.ई. शेवटच्या टप्प्याचा. त्याची पत्नी डेब्रा हिने खटला भरला. २०१८ मध्ये डॅलसला सुनावणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. मग लॉस एंजेलिसमध्ये अलाना गी. तिचा नवरा मॅथ्यू ४९ व्या वर्षी गेला. १९८९ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघात त्याच्या जागेवर खेळणारे बारा जण होते, त्यांतले पाच पन्नाशीच्या आत गेले. दारू, इतर आजार, अशी कारणं संघटनेच्या वकिलांनी पुढे केली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. अलाना हरली. पासष्ट वर्षांपूर्वी रे डेनिसनची बायको हरली होती तशीच.

म्हणजे काहीच बदललं नाही असं मात्र नाही. २०१० पासून एन.सी.ए.ए.च्या प्रत्येक कॉलेजला कन्कशनची लेखी योजना ठेवावी लागते, आणि लक्षण दिसलं की त्या दिवशी खेळाडू परत मैदानात नाही. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये ठरवलं, सरावात माझी मुलं एकमेकांना पाडणार नाहीत. लोक हसले. तिथल्या इंजिनिअरिंगच्या लोकांनी पळणारी, गादीसारखी यांत्रिक बाहुली बनवली, मुलं तिला पाडून शिकायला लागली. संघ हरेल म्हणत होते, तो अजिंक्यपदं जिंकला. मग २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांनी हंगामातल्या सरावात पाडापाडी बंद केली. त्याच वर्षी आणखी एक बारीक बदल केला. डावाच्या सुरुवातीला एक संघ चेंडू लांब लाथाडतो आणि दोन्हीकडची मुलं पूर्ण वेगाने समोरासमोर धावून भिडतात. लाथ मारायची रेघ पाच यार्ड पुढे सरकवली, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाला जातो आणि धावून भिडायची वेळच येत नाही. अशा दर हजार किकमागे आधी जवळजवळ ११ कन्कशन व्हायची, ती २ वर आली. नुसती पाच यार्डांची रेघ! हे वाचून मला आनंद झाला आणि रागही आला.

हे सगळं आपल्या कामाचं का, तर कबड्डीत डोकं आपटतं, मूल झोपाळ्यावरून पडतं, स्कूटरवरून आपण पडतो. मुका मार तोच. मार बसल्यावर माणूस गोंधळला, तेच तेच विचारू लागला, चालताना झोक गेला, तर तो दिवस खेळ बंद, काम बंद, आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुन्हा खेळायला डॉक्टर म्हणतील तेव्हा, टप्प्याटप्प्याने. उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच चाललीय, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, झटका आला, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, उठवून नीट जागं होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि सोबत दुसरं माणूस हवं, कारण पडलेलं माणूस 'काही नाही झालं' असंच म्हणणार. तुम्हीही तेच म्हणाल, मीही म्हणेन.

नातवाचं काय झालं ते विचाराल. कागदावर सही झाली नाही. जावयांनी दोन दिवस वाद घातला, मग शेजारच्या बाईंशी तेच बोलून आले आणि गप्प झाले. नातू फ्लॅग फुटबॉल खेळतो. त्यात पाडायचं नसतं, समोरच्याच्या कमरेला अडकवलेली पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो खेळ आहे, असं सांगून आईने त्याची समजूत घातली. पहिले तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आजीनेच हे केलं असं त्याला वाटलं. मी निघाले तेव्हा विमानतळावर म्हणाला, पुढच्या वर्षी मी परत विचारणार आहे. मी म्हटलं, विचार.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला भेटू. नमस्कार.